चिमणाबाईचा अंबाडा

अकरा वर्षांपूर्वी वाटणीत घराच्या मधोमध भिंत उभी राहिली, तेव्हापासून चिमणाबाई आणि तिची धाकटी जाऊ संयोगिता एकमेकींशी बोलत नव्हत्या. आणि आता रोज सकाळी त्याच जावेच्या हातात चिमणाबाईला आपलं डोकं द्यावं लागत होतं.

उजवा खांदा आखडला होता. हात कानापर्यंत जाईना, तिथं अंबाडा कसला बांधणार? केसांचं नाव काढलं की नवरा, केरबा, गोठ्यात पळायचा. थोरली जाऊ मोकळ्या केसांनी दारात बसली तर गाव दोन्ही घरांना हसणार, म्हणून संयोगिता यायची. यायची आणि कंगव्याशी बोलायची.

"कंगव्या, सांग त्यास्नी, मान सरळ धरा. म्हशीगत हलवू नगासा."

"कंगव्या, तुझ्या मालकिनीला म्हनावं, केस हायती ही, गवत न्हवं."

मग केस आणखी ओढले जात. डोळ्यांत पाणी येई, आणि चिमणाबाई मनातल्या मनात जुळवी,

दुखणं माझ्या खांद्याचं सांगू कुणाला जाऊन,
जावंच्या मुठीत बाई, गेलं डोसकं अडकून.

शेवटी केरबानं तिला कोल्हापुरात इरावतीकडं नेलं. फिजिओथेरपीची डॉक्टर. वयानं पोर, पण जिभेला धार. तिनं हात हळूच उचलून, वळवून पाहिला, साखर तपासली का विचारलं आणि हात अडकवलेली गळ्यातली झोळी सोडली.

"पाच महिने हात बांधून ठेवायला कुणी सांगितलं?"

'हात हलवू नगा म्हनावं, दुखनं वाढंल,' असं जावेनंच सांगितलं होतं, कंगव्याला.

"मावशी, न हलवल्यानंच खांदा जास्त आखडलाय. शेक घ्या. वाकून हात झोक्यासारखा सैल झुलवा. मग भिंतीवर बोटं चढवा, मुंगी चढते तशी. ताण बसेल तिथवरच. जीव जाईल असं ओढायचं नाही. महिने लागतील."

"आन् न्हाय केलं तर?"

"तर बसा जावेपुढं मान घालून." केरबानं सगळं सांगून ठेवलं होतं.

घरात मोकळी भिंत एकच, वाटणीची. चिमणाबाईची बोटं तिच्यावर चढू लागली. पोचतील तिथं ती कोळशानं रेघ ओढी. पलीकडून आवाज येई, "भिंती, उंदीर झालाय काय गं तुला?"

"व्हय की! पलीकडनंच आलाय!"

रेघ दिवाळीत हनुवटीशी होती, संक्रांतीला कपाळाशी. शिमग्याच्या आदल्या दिवशी डोक्याच्या वर गेली. त्या रात्री तिनं साडी बदलताना हात डोक्यामागं नेऊन पाहिला. कळ आली, पण हात पोचला.

सकाळी संयोगिता कंगवा घेऊन आली, तर चिमणाबाई उंबऱ्यात अंबाडा घालून बसलेली.

संयोगिता थबकली. मग पुढं झाली, अंबाड्यातला आकडा खसकन ओढला. केस पाठीवर सांडले.

"एकदा कुनालाबी जमतंय," ती म्हणाली. "बांधा की पुन्यांदा."

कंगवा तिच्या मुठीत मुकाच होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती थोरल्या जावेशी बोलली होती.

चिमणाबाईनं आकडा हिसकावून घेतला, दातांत धरला. हात वर गेले. खांद्यात सुरी फिरली, उजवा हात मध्येच अडला. मग मुंगीसारखा, बोट-बोट करत मागं पोचला. तिनं पीळ दिला, आकडा खोचला.

"बांधला. जा आता. उद्या येऊ नगंस."

संयोगितानं कंगवा कमरेला खोवला. पायरी उतरता उतरता मागं वळून पाहिलं.

"वाकडा हाय."

"असू दे. माझा हाय."