मजकूर वाचून दाखवला

जेलरने कोरा कागद पुढे सरकवला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दौत ठेवली. "मुन्शीजी, माफीनामा लिखो. बलभीम धनगर के नाम से."

सोमलिंगप्पांनी कागदाला हात लावला नाही. ते मुरुम गावचे अर्जनवीस. झाडाखाली चटई टाकून वीस वर्षं त्यांनी लोकांचे अर्ज उर्दूत लिहून दिले होते. गेल्या साली निजाम सरकारची धान्याची सक्तीची लेव्ही लोकांच्या कणग्या रिकाम्या करू लागली, तेव्हा त्यांनी गावोगावच्या तक्रारी लिहिल्या आणि सरकारने त्याला बगावत म्हटलं. भाषण नाही, झेंडा नाही, नुसतं सुबक अक्षर काढल्याबद्दल तीन वर्षांची सजा झालेला त्या तुरुंगात हा एकटाच माणूस असावा.

बलभीमचा गुन्हा मात्र खरा होता. ईट गावचा हा एकवीस वर्षांचा पोरगा मेंढरांमागे निजामाची हद्द ओलांडायचा आणि येताना घोंगडीत सरकारविरुद्धची पत्रकं दडवून आणायचा. आता दहा दिवस त्याला रक्ताची हगवण लागली होती. पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं.

जेलरचं गणित सरळ होतं. शुक्रवारी मोठे साहेब तपासणीला येणार होते आणि त्याआधी त्याला आपल्या तुरुंगात मयत नको होतं. राजकीय कैदी माफीनाम्याशिवाय सुटत नाही. बराकीतल्या सगळ्यांनी तर माफी मागायची नाही अशी शपथ घेतलेली, आणि त्यात बलभीमचा आवाज सगळ्यांत मोठा.

"उसकू पढना नहीं आता," जेलर म्हणाला. "दवाखाने का कागज है बोलो, अंगूठा लेव. शाम कू टांगे में बैठ के घर जाता छोकरा. नहीं तो तुम जानो."

सोमलिंगप्पांनी लिहायला घेतलं. हाताला वळणच असं होतं की माफीसुद्धा देखणी उतरली. सरकारविरुद्ध वागलो, भुललो, पुन्हा असं करणार नाही, हुजूर मायबाप आहेत. शेवटच्या ओळीपाशी मात्र टाक अडला. अर्ज कुणाचाही असो, खाली ते एक ओळ लिहायचे, 'मजकूर अर्जदाराला वाचून दाखवला, त्याला समजला, त्याने कबूल केला,' आणि तिच्याखाली स्वतःची सही करायचे. ही ओळ कायद्याने लागत नव्हती. उमेदवारीत असताना उस्तादाच्या सांगण्यावरून त्यांनी लक्ष्मम्मा नावाच्या विधवेचा अंगठा न वाचताच घेतला होता आणि त्या कागदावर बाईचं शेत गेलं. ती भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. पुढं कित्येक दिवस रस्त्यात भेटली की बाजूला होऊन त्यांना वाट द्यायची, त्याचाच त्यांना त्रास झाला; ही ओळ तेव्हापासूनची.

त्यांनी ती ओळ लिहिली. सही केली नाही. कागद आणि शाईची चिंधी घेऊन ते आजाऱ्यांच्या खोलीत गेले. शिपाई दारात उभा राहिला.

बलभीम भिंतीकडे तोंड करून पडला होता. खोलीत वास इतका होता की शिपायाने नाकाला रुमाल लावला. वाटेत सोमलिंगप्पांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, खोटं बोलायचं. पोरगं जगतंय, आपल्या एका ओळीचं काय एवढं.

"कसला कागद हाय, अप्पा?"

"दवाखान्याचा," ते म्हणाले.

"तुमी लिवलाय न्हवं? मग द्या हिकडं." बलभीमने काही न विचारता डावा हात पुढं केला. हाताची नुसती काडी झाली होती. सोमलिंगप्पांनी त्याच्या अंगठ्याला शाई लावली, कागद जवळ नेला आणि तिथंच थांबले. त्या पोराने शंका घेतली असती, दोन प्रश्न विचारले असते, तर त्यांना खोटं बोलणं जमलं असतं. पण इतक्या विश्वासाने पुढं आलेला हात धरून फसवणं त्यांच्याच्यानं होईना. त्यांना स्वतःचा संताप आला, रडूही आलं.

त्यांनी कागद मागं घेतला आणि उर्दूतला एक एक शब्द मराठीत करून सगळा माफीनामा वाचून दाखवला. आवाज बारीक होता, पण एक शब्द गाळला नाही.

बलभीमने अंगठा मुठीत घेतला. शाई तळव्याला लागली.

"मग न्हाय लावत."

"लाव, बलभीमा. म्या सांगतो, लाव. कुणी काय म्हणलं तर माझं नाव सांग. म्या फसवलं म्हण. तुझी आई वाट बघतिया तिकडं."

बलभीमने मान वळवून त्यांच्याकडं पाहिलं. त्याला राग आला नव्हता, नवल वाटत होतं.

"लावायचाच व्हता तर वाचलं कशाला, अप्पा?"

"आंगठा तुझा हाय म्हणून."

बलभीमने मान हलवली आणि पुन्हा भिंतीकडं तोंड केलं.

सहीची आणि अंगठ्याची जागा कोरी बघून जेलरने कागद फाडला. सोमलिंगप्पांच्या पायांत बेड्या पडल्या, एकांतकोठडी मिळाली. बलभीम गेला तो गुरुवारी पहाटे, तपासणीच्या आदल्या दिवशी.

शुक्रवारी सकाळी प्रेत न्यायला त्याची आई, गजराबाई, आली. निरोप मिळताच ईटहून भूमपर्यंत ती रातोरात चालत आली होती, पुढं कुणाच्या तरी गाडीत. तपासणीच्या गडबडीत कारकून सापडेना, म्हणून पावती लिहायला सोमलिंगप्पांना बेड्यांसकट बाहेर काढलं. पाचच ओळींची पावती, पण ती लिहायला त्यांना फार वेळ लागला.

गजराबाई समोर उकिडवी बसली होती. ती रडत नव्हती. शिपायाकडून तिला सगळं कळलेलं दिसत होतं.

"माफी लिवून तयार व्हती म्हनं. खरं हाय?"

"खरं हाय, बाई."

"तुमीच लिवली व्हती?"

"व्हय. म्या त्याला वाचून दाखवली. त्यानं न्हाय म्हणलं."

गजराबाई आवाज न चढवता, घरात कुणाची चूक दाखवावी तशी म्हणाली, "न वाचताच घ्यायचा व्हता की वो आंगठा."

वीस वर्षांत कुणी सोमलिंगप्पांना असं बोललं नव्हतं, आणि ती चुकीचं बोलली असंही त्यांना म्हणता येईना. त्यांनी चिंधी आणि पावती तिच्याकडं सरकवली.

गजराबाईने अंगठा चिंधीवर दाबला. पण कागदाला लावला नाही, तसाच वर धरून बसली.

"माझ्या लेकाला वाचून दाखवलं न्हवं? मग मला बी दाखवा."

त्यांनी पावती उचलली. बलभीम, राहणार ईट, वय एकवीस, एवढं वाचलं आणि पुढची ओळ त्यांना दिसेना. शिपायाने घाई केली. गजराबाईने त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"वाचा," ती म्हणाली. "म्या ऐकतिया."

सोमलिंगप्पांनी डोळे पुसले आणि पुढचं वाचू लागले.