बरणीतला दिवा

मी एक जुना सीएफएल दिवा आहे, म्हणजे होतो. सध्या सांडोर गावातल्या एका घराबाहेरच्या ओट्यावर, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तुकड्यातुकड्यांनी राहतो. झाकण घट्ट आहे. तक्रार नाही.

मित्रांनो, कारखान्यात माझ्या काचेला जिलबीसारखा पीळ दिला आणि पोटात पाऱ्याचा कण घातला. वीज कमी खातो म्हणून तेव्हा माझं कोण कौतुक! दिवाकरभाऊंनी स्टुलावर चढून मला माजघरात लावलं. केळीच्या बागेतला माणूस. हातांवर चिकाचे डाग. पुढच्याच वर्षी ते गेले. मी राहिलो.

बटण दाबताच उजळणं मला कधी जमलं नाही. आधी मिणमिणायचो, मग विचार करून पूर्ण लागायचो. तिन्हीसांजेला दिवाकरभाऊंच्या पत्नी रखमाबाई बटण दाबून हात जोडायच्या. त्यांचं पुटपुटणं संपेतो मी उजळलेला असे. जमायचं आमचं.

मुलगा हर्षवर्धन म्हणायचा, "आई, हा दिवा आहे की पेन्शनर? एलईडी लावू या."

"तुझ्या बाबांनी लावलाय. आपणहून जाईल तेव्हा जाईल."

आपणहून जाणं नशिबात नव्हतं. परवा दुपारी जळमटं काढताना रखमाबाईंच्याच झाडूचा दांडा लागला. फरशीभर काच. त्या खाली बसल्या आणि उघड्या हातांनी मला वेचू लागल्या. आतल्या खोलीतून नात उन्नती रांगत येत होती.

"आई, हात लावू नका! त्यात पारा असतो." सून पूर्वीने लेकीला उचललं, पंखा बंद केला, खिडक्या उघडल्या, सासूबाईंना बाहेर नेऊन हात धुवायला लावले. "वाफ जाऊ दे आधी. पंधरा मिनिटं तरी कुणी आत जायचं नाही."

एरवी सगळे माझ्या उजेडात येऊन बसायचे. माझ्यामुळे घर रिकामं झालं ते पहिल्यांदाच.

मग हातमोजे घालून पूर्वीने मला पुठ्ठ्याने गोळा केलं. झाडू लावला नाही. त्याने चुरा उडतो. तो तिने चिकटपट्टीने टिपला, फरशी ओल्या कागदाने पुसली आणि पट्टी-कागदासकट सगळं बरणीत भरलं.

"केळीच्या बुंध्याशी पुर गं," रखमाबाई हळूच म्हणाल्या. या घरचा केर वर्षानुवर्षं तिथेच जातो. "त्यांची बाग आहे. त्यांच्यापाशी राहील."

"आई, पारा मातीत उतरेल. त्याच बागेतली केळी कुस्करून उन्नतीला भरवता ना तुम्ही?"

रखमाबाईंनी एकदा बागेकडे पाहिलं. मग झाकण त्यांनीच घट्ट लावलं.

उद्या ई-कचऱ्याची गाडी येईल. मित्रांनो, माझे भाऊबंद अजून तुमच्याही घरी असतील. फुटले तर घाबरू नका. पण मायेपोटी जवळही घेऊ नका. मुलांना लांब न्या, खिडक्या उघडा, आम्हाला नीट बंद करून पाठवा.

माजघरात नवा दिवा लागलाय. बटणासरशी लखलखाट, हात जुळायलाही सवड नाही. मघाशी रखमाबाई ओट्यावर आल्या. बरणीला शिवल्या नाहीत. लांबूनच हात जोडले आणि मला उजळायला लागायचा तेवढा वेळ थांबल्या.