टाकीवरचा पोचा

काळुरामने पुन्हा किक मारली तेव्हा गाडीतून काहीच आवाज आला नाही, गुडघ्यातून मात्र आला. तो ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या काशीबाईलाही ऐकू गेला.

"अवो, पुरं करा आता," ती म्हणाली. "डाक्टरनं जिना चढायचा नाय सांगितलाय, आनि तुमी सकाळपासून हिला लाथा मारताय."

काळुराम सीटवर हात टेकून उभा राहिला. उजवा पाय त्याने जमिनीला नुसता लावून ठेवला होता, भार सगळा डाव्यावर. कपाळावरचा घाम त्याने बाहीने पुसला आणि त्याच बाहीने सवयीने टाकीवरचा एक डागही पुसला.

"रहिमाभाभीला काय सांगू?" तो म्हणाला. "उद्या अब्बासला मुंबईला नेतायत."

काशीबाईने तांदळातला एक खडा काढून अंगणात टाकला.

काळुरामच्या जुन्या दोस्ताला, अब्बासला, उद्या सोमवारी हृदयाच्या ऑपरेशनसाठी न्यायचं होतं. मधुमेहाने त्याची नजर आधीच नेली होती, आता काळजावर आलं होतं. त्याच्या बायकोने, रहिमाभाभीने, परवा फोन करून सांगितलं, "रोज विचारतात, काळू गाडी कधी आणतोय. ऑपरेशनचं एक अक्षर बोलत नाहीत, पण हे विचारतात." काळुरामने तिला शब्द दिला होता की रविवारी गाडी दारात आणतो.

गाडी अब्बासचीच होती. जपानी, पाचशे सीसीची, एकाच सिलिंडरची. डोंगरात आणि वाळूत पळवायला बनवलेली, त्यामुळे उंच, रुंद हँडलची, पुढचं चाक सायकलीच्या चाकाएवढं मोठं. अब्बास तरुणपणी पेणहून मुंबईला गणपतींचा टेम्पो न्यायचा आणि त्याच्या टेम्पोत गणपतीचं बोटही कधी दुखावलं नाही, अशी त्याची ख्याती होती. पुढे तो कुवेतला गेला. तिथून परतताना लोकांनी टेपरेकॉर्डर आणले, मिक्सर आणले, याने ही गाडी आणली. मग ती घेऊन तो पेणच्या गणपतींच्या कारखान्यात आला आणि तिथे रंगाने माखलेल्या काळुरामला मागे बसवून खाडीच्या बांधावरून पळवू लागला. एकदा बांधाच्या वळणावर दोघं गाडीसकट खाली चिखलात गेले. माणसांना काही झालं नाही, टाकीला मात्र उजव्या बाजूला चांगला तळहाताएवढा पोचा पडला. अब्बासने तो कधी काढला नाही. गाडी चालवताना उजवा गुडघा त्या पोच्यात बरोबर बसतो, असं तो म्हणायचा.

नंतर इंजिन जाम झालं आणि गाडी अष्टमी गावात अब्बासच्या परड्यात नारळाच्या झावळ्यांखाली गेली. खारी हवा, पाऊस आणि कोंबड्या, तिघांनी मिळून तिचा सांगाडा केला. नजर गेल्यावर अब्बासने काळुरामला बोलावून घेतलं. "तू घेऊन जा," तो म्हणाला. "भंगारवाला फेऱ्या मारतोय. तुझ्या हातात दगडाचा देव होतो, बघ हिचं काय होतंय. झाली चालू तर आवाज ऐकव. आवाजाला काय डोळे लागत नाय."

काळुरामने आयुष्यभर गणपती घासले आणि रंगवले होते. मांडी घालून, पुढ्यात मूर्ती घेऊन, पॉलिश पेपरने अंगावरचा कण न् कण काढायचा. खंडित मूर्ती गिऱ्हाईक घेत नाही, त्यामुळे खड्डा किंवा चरा दिसला की त्याचा हात आपोआप तिकडे जायचा. लग्नाला गेला तर मांडवाच्या खांबावरून बोट फिरवून यायचा. काशीबाई म्हणायची, ह्यांना माझ्या तोंडावरच्या सुरकुत्या दिसत नाहीत हे नशीब, नाहीतर खड्डे बुजवायची लांबी भरली असती. त्या मांडी घालण्यानेच गुडघे गेले होते.

गाडीच्या कामालाही तो असाच बसला, चार वर्षं. इंजिनचं काम वडखळच्या सुशील मिस्त्रीने केलं, पिस्टनच्या रिंगा अब्बासच्या मुलाने, मुझम्मिलने, दोह्याहून पाठवल्या. बाकी सगळं काळुरामचं. एका बाजूचं झाकण हरवलं होतं ते त्याने फोटो बघून शाडूत घडवलं, त्याचा साचा काढला आणि फायबरमध्ये ओतलं, अगदी गणपतीचा हात ओततात तसं. मग रंग आणि टाकीवरच्या काळ्या रेघा, ज्या त्याने देवाच्या भुवया आखायच्या कुंचल्याने आखल्या. गाडी कारखान्यात आणली तेव्हा माणसं काम सोडून बघायला आली.

एकच खोड राहिली. इंजिनाच्या वरच्या भागातून बारीक टिकटिक यायची. "काका, आतला रॉकर झिजलाय," सुशील म्हणाला. "पार्ट मिळत नाय. चालंल गाडी, पण टिकटिक ऱ्हाईल." काळुरामला त्याचं फार वाईट वाटलं होतं. एवढी मूर्ती घडवून डोळा तिरळा राहावा तसं त्याला झालं.

सुशीलने गाडी चालू करून आवाज फोनमध्ये भरून अब्बासला पाठवलाही होता. अब्बास म्हणाला, "फोनमदी सगळ्याच गाड्या शिलाई मशीन वाटतात. दारात आन." आणि आता सुशील सासुरवाडीला श्रीवर्धनला गेला होता, नेमका याच रविवारी.

सकाळी शेजारचा निकेश येऊन गेला. तो व्यायामशाळेत जातो आणि ते कोणाला सांगावं लागू नये असे शर्ट घालतो. त्याने किकवर उडी मारली. किकने त्याला तसंच वर फेकलं आणि तो पोटरी धरून घरी गेला. मग चौघांनी गाडी ढकलून पाहिली, तर मागचं चाक फिरायलाच तयार होईना, नुसतं घासत गेलं. एवढ्या मोठ्या सिलिंडरचा दाब असा ढकलून सुटत नाही.

"टेम्पोत घालून नेऊ," काळुराम शेवटी म्हणाला. "हात लावून बघंल तरी."

काशीबाईने सूप बाजूला ठेवलं आणि पदर खोचला.

"सरा," ती म्हणाली.

"काय करतेस गो?"

"सरा तर."

काशीबाई खाडीकाठच्या मिठागरात वाढलेली. हंगामाच्या सुरुवातीला मिठाच्या वाफ्यांचे तळ पायांनी तुडवून घट्ट करावे लागत, नाहीतर मीठ चिखलाचं निघे. लहानपणापासून लग्नापर्यंत तिने ते केलं होतं. त्यात जोर काढून चालत नाही, पाय मारला की माती फुटते. टाचेने दाबत जायचं, माती उलट दाबायला लागली की थांबायचं आणि मग सगळं अंग हळूच त्या पायावर सोडायचं. ओट्यावर बसून चार वर्षं ती सुशीलला पाहत होती आणि सुशील जे करायचा ते तिला ओळखीचं वाटत होतं. बोलली मात्र नव्हती, कारण गाड्यांच्या कामात तिला कोणी विचारलंच नव्हतं.

तिने चप्पल काढली.

"अनवाणी नको, पाय तुटंल," काळुराम घाबरून म्हणाला. तिने त्याचे बूट घातले. ते तिला मोठे होत होते, तरी घातले.

ती किकवर पाय ठेवून हळूहळू दाबत गेली. एका जागी किक अडली. "हितं अडतंय," ती म्हणाली. "आता ती हँडलवरची डावीकडची बारकी लिव्हर ना?"

"व्हय. ती वढ, आतला दाब सुटंल, आनि किक अजून थोडी दाब. वरच्या खिडकीत पांढरी खूण आली का बघतो मी." काळुरामने वाकून इंजिनाच्या डोक्यावरच्या काचेच्या बारक्या खिडकीत पाहिलं. "आली. लिव्हर सोड. किक वर येऊ दे."

काशीबाईने लिव्हर सोडली. किक वर आली. मग तिने हँडल धरलं, अंग उचललं आणि अजिबात घाई न करता पाय खालपर्यंत सोडला.

गाडी एकदा खोकली आणि चालू झाली. ओट्यावरचं सूप थरथरलं. गल्लीतली कुत्री उठून उभी राहिली. निकेश लंगडत दारात आला.

"तुमी मारता," काशीबाई आवाजावर ओरडून नवऱ्याला म्हणाली. "मारायचं नसतं. दाबायचं असतं."

काळुरामला हसू आलं आणि त्याचबरोबर डोळेही भरले. ते त्याने लपवायचा प्रयत्न केला नाही. सकाळपासून जो पाय शोधत होतो तो घरातच होता, असं त्याच्या मनात आलं.

काळुरामला किक मारता येत नसली तरी गाडी चालवता येत होती. काशीबाई मागे बसली, नवऱ्याचे बूट पायात तसेच. वडखळ गेलं, नागोठणं गेलं. वाटेत लोक वळून बघत होते आणि काळुरामचा ऊर भरून येत होता. फक्त ती टिकटिक त्याला खुपत होती. अब्बासने विचारलं तर सुशीलचं नाव सांगायचं, असं त्याने ठरवून टाकलं.

अष्टमीत शिरल्यावर अब्बासच्या गल्लीच्या तोंडाशीच, वळण घेताना, गाडी बंद पडली. उरलेलं अंतर दोघांनी ती ढकलत नेली. काळुरामला हे मनासारखं झालं नाही. त्याला आवाजासकट दारात जायचं होतं.

अब्बास अंगणात खुर्चीवर बसला होता. फारच वाळला होता. रहिमाभाभीने त्याचा हात धरून त्याला गाडीजवळ आणलं.

"काळू, आलास?"

"आलो. हात लावून बघ."

अब्बासने हात पुढे केला. हँडलवरून, आरशावरून, मग टाकीवर. त्याचा तळवा उजव्या बाजूने खाली गेला, परत वर आला, परत खाली गेला. बराच वेळ तो तिथेच फिरत राहिला. मग त्याने हात काढून घेतला.

"छान झालीया," तो म्हणाला. आवाजात माया होती, तरी तो आवाज अनोळखी माणसाशी बोलायचा होता. "पन ही माजी नाय रे काळू. तू दुसरी आनलीस. माझं मन राखायला आनलीस ना?"

काळुरामची बोटं टाकीच्या उजव्या बाजूवर गेली. पोचा. चार वर्षांत त्याच्या एकदाही मनात आलं नव्हतं. टाकी हातात आल्या दिवशीच त्याने तो लांबीने भरून टाकला होता, घासून गुळगुळीत केला होता, सगळ्यात आधी. खड्डा दिसला आणि हात गेला. डोळे नसलेल्या माणसाला गाडी ओळखायची ती एवढीच एक खूण होती, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने मिटवली होती.

"तीच हाय रे," तो म्हणाला. "पोचा आत हाय. मी वरून लांबी भरली. माझं चुकलं, अब्बास. सवय हाताची." त्याने खिसे चाचपले. खिशात नेहमीप्रमाणे पॉलिश पेपरचा तुकडा होता. तो काढून, चकचकीत रंगाची पर्वा न करता, तो टाकीजवळ खाली बसायला गेला, पण गुडघा वाकेना.

अब्बासने खुर्चीकडे वळायला रहिमाभाभीचा हात शोधला. त्याला खरं वाटलं नव्हतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

काशीबाईने कोणाला विचारलं नाही. ती पलीकडून आली, नवऱ्याला खांद्याने बाजूला केलं आणि किकवर पाय ठेवला. गाडी गरम होती आणि गरम असली की ती रुसते, हे सुशीलकडून ऐकलेलं तिला ठाऊक होतं. पहिला पाय फुकट गेला. दुसराही. तिने श्वास घेतला, पुन्हा अडेपर्यंत दाबत गेली, लिव्हर ओढली, सोडली आणि पाय खाली सोडला.

अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. गाडी चालू झाली.

अब्बासने मान तिरकी केली. तो आवाज ऐकत नव्हता, आवाजातलं काहीतरी शोधत होता. मग त्याचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला.

"टिकटिक करते अजून," तो म्हणाला.

"सुशील म्हनला, पार्ट मिळत—"

"मिळायचा नाय. कुवेतपासून करते ती. तिथला मिस्त्री दमला." अब्बासने हात पुन्हा टाकीवर ठेवला आणि या वेळी तो शोधत फिरला नाही, तिथेच राहिला. टाकीबरोबर त्याची बोटंही थरथरत होती. "हीच हाय. काळू, हीच हाय रे." मग थोड्या वेळाने, "किक कोनी मारली?"

"मी," काशीबाई म्हणाली.

"तरीच. काळूच्या लाथा तिनं कधी ऐकल्या नाय."

रहिमाभाभी हसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

"काढतो मी ती लांबी," काळुराम अजून पेपर हातात धरून उभा होता. "दोन तासांत पोचा वर येईल."

"राहू दे," अब्बास म्हणाला. "परत पडू तवा नवा पडंल." आणि त्याने सीट चाचपून पाय वर उचलला.

"अवो, उद्या ऑपरेशनला जायचं हाय तुमाला," रहिमाभाभी म्हणाली.

"उद्या हाय ना."

तिने काशीबाईकडे पाहिलं. काशीबाईने अब्बासच्या काखेत हात घातला. काळुराम पुढे बसल्यावर दोघींनी मिळून त्याला मागच्या सीटवर चढवलं आणि त्याचे हात काळुरामच्या कमरेभोवती बांधल्यासारखे ठेवले.

"पुलापर्यंतच," रहिमाभाभी म्हणाली. "आनि हळू."

"गणपती मागं बसलाय असं समज," अब्बास काळुरामच्या पाठीत म्हणाला.

गाडी हळू निघाली. गल्लीच्या वळणावर अब्बासच्या पायातली एक चप्पल गळून पडली. त्याने ती पडल्याचं सांगितलं नाही आणि काळुरामला कळलं नाही.

दोघी बायका अंगणात उभ्या राहिल्या. काशीबाईने नवऱ्याचे बूट काढले आणि टाच चोळली. कुंडलिका नदीच्या पुलावरून येणारी टिकटिक अजून बारीक ऐकू येत होती. रहिमाभाभी वळणापर्यंत जाऊन चप्पल घेऊन आली, पदराने तिच्यावरची धूळ झटकली आणि पायरीशी ठेवून दिली, आल्यावर त्याला पायाने सापडेल अशी.