मेहुण्याचा आग्रह

मिस्त्रीला दारूची तलफ काही केल्या येईना, आणि त्यामुळे डॉक्टरीणबाई काळजीत पडल्या होत्या.

व्यसनमुक्तीच्या त्या दवाखान्यात नवे उपचार सुरू झाले होते. रुग्णाच्या डोळ्यांवर जाडजूड चष्मा आणि कानांवर हेडफोन चढवला की आपण बारमध्ये बसलोय असं त्याला दिसायचं: टेबल, बाटली, खिदळणारी माणसं. तलफ मुद्दाम जागवायची आणि ‘नको’ म्हणायचा सराव करून घ्यायचा. बाटली दिसताच बाकीच्यांची नाडी घोड्यासारखी उधळे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या मिस्त्रीची मात्र ढिम्म हलत नव्हती.

“काय दिसतंय?” बाईंनी विचारलं.

“खुर्चीचा पाय टेबलात घुसलाय.”

“बाटलीकडे बघा. घ्यावीशी वाटते?”

मिस्त्रीनं मनापासून विचार केला. “कुणी ‘घे’ म्हणतच नाहीये.”

“एरवी कोण म्हणतं?”

“मेहुणा.”

कोपऱ्यात बसलेली बायको उसळली. “माझ्या भावाला मध्ये आणायचं नाही हं! हे कुठंतरी पडतात आणि तो बिचारा दर वेळी खांद्यावर टाकून घरी आणतो.”

बाईंनी वाद घातला नाही. भाऊ उपचाराला मदत करेल का, एवढंच विचारलं. बायकोनं तिथूनच फोन लावला.

मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून, केस रंगवून आला. चाळिशी उलटली तरी घरात त्याला बाळ म्हणत. तिथल्या एका तंत्रज्ञानं त्याचे चहूबाजूंनी फोटो काढले, चेहरा आणि आवाज उपचारासाठी वापरण्याची परवानगी घेतली. बाळनं वाचायच्या आधीच सही ठोकली. मग त्याला काचेच्या खोलीत माइकसमोर बसवलं.

“भावोजींना नेहमी जसा आग्रह करता, तसाच करा.”

बाहेर स्पीकर चालू होता. बायको बाकावर बसून ऐकत होती.

“एकच घ्या हो भावोजी, एकानं काय होतंय? माझ्या हाताला नाही म्हणणार? सोडली? कुणाला विचारून सोडली?”

“झकास. अजून?” तंत्रज्ञ म्हणाला.

मेहुण्याला चेव आला. “आणि ताईची काळजी सोडा. रस्त्यात सापडलात म्हणून सांगतो की नेहमीसारखं! मी सांगेन तेच तिला खरं.”

बायको पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होती. ते कधीच बसलं होतं, तरी ती फिरवत राहिली.

बाळ घाम पुसत बाहेर आला. “कसं झालं गं ताई?”

“छान झालं. शब्द न् शब्द ऐकू आला.”

घरी परतताना तिनं नवऱ्याला विचारलं, “मला का नाही सांगितलंत?”

“तू ऐकलं असतंस?”

घराच्या गल्लीत वळताना ती म्हणाली, “नसतं.”

पुढच्या खेपेला चष्म्यात मेहुणा हसत समोर आला आणि मिस्त्रीची नाडी अखेर उधळली. त्यानं हवेत ग्लास धरायला हात घातला आणि बाईंच्या टेबलावरची पेनं खाली पाडली. मग तो कारणं द्यायला शिकला: पित्त झालंय, औषध चालू आहे. चष्म्यातल्या मेहुण्याकडे प्रत्येकावर उत्तर होतं.

“कारण देऊ नका,” बाई म्हणाल्या. “कारण दिलं की समोरच्याचं फावतं.”

शेवटी एकदा मिस्त्री “नको, मी घेत नाही” म्हणाला आणि गप्प बसून राहिला. मेहुणा बोलून बोलून थांबला.

खरा मेहुणा घरी आला तो पिशवीत बाटली घेऊनच. मिस्त्रीनं तेच वाक्य म्हटलं.

“ताई, सांग ना यांना!”

“ते काय म्हणाले ते ऐकलंस ना? जेवायला बस.”

बाळ जेवला आणि पिशवी उचलून निघून गेला. मिस्त्रीचा शर्ट घामानं भिजला होता. बायकोनं पंखा वाढवला.

काही दिवसांनी बाळ रिकाम्या हातानं आला. चेहरा उतरलेला होता.

“लोकांना झालंय तरी काय? बाजारात एकाला वेळ विचारली. तो माझ्याकडे बघून घामाघूम झाला, ‘नको, मी घेत नाही’ म्हणाला आणि चालता झाला. काल बँकेत दुसऱ्यानं तेच केलं!”

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं.

“दवाखान्यात आता सगळ्यांना तुलाच दाखवतात,” ताई म्हणाली. “तुझ्याइतकं कुणाला जमत नाही म्हणे.”

बाळच्या चेहऱ्यावर क्षणभर अभिमान आला आणि गेला. “सगळ्यांना?”

“सही केलीस ना?”

तो खुर्चीच्या कडेवर टेकला. “भावोजी, मला ‘नको’ म्हणताना तुम्हाला काय वाटलं?”

“तुझा राग आला.”

“आणि आता?”

“आता भीती वाटते. तू हात हलवत आलास, म्हणून आज जरा कमी आहे.”

बाळनं आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. ताईनं विचारलं, “थांबणार आहेस का?”

“थांबतो थोडा वेळ.”

मिस्त्री सरकून बसला. दारूशिवाय काय बोलायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी टीव्हीवर बातम्या लावल्या. त्या संपल्यावर हवामानाचा अंदाजही पाहिला.