एसिनामच्या बाबांचा बरा झालेला गुडघा

आमच्या मंडळीत साक्ष आधी देतात, काम नंतर होतं. नोकरी लागायच्या आतच पोरं नोकरीबद्दल देवाचे आभार मानून मोकळी होतात. चारचौघांत आभार मानले की देव माघार घेत नाही म्हणे. मला ही रीत कधी पटली नाही, पण माझं ऐकतो कोण? मी चर्चमध्ये बाकं पुसणारी आणि सगळ्यांवर खेकसणारी बाई.

त्यात पाळकसाहेबांनी आत्मिक दानांवर उपदेश धरला. देवाने प्रत्येकाला काहीतरी दान दिलंय, ते शोधा आणि वापरा. झालं! शेजारणीला दृष्टान्त व्हायला लागले, ढोलवाल्याच्या तोंडून कुणालाच न कळणारी अन्य भाषा यायला लागली. मीही दुपारभर गुडघे टेकून रडले, तर मला नुसती उचकी लागली. हसू नका, जीव तुटत होता माझा. चाळिशी उलटली, देवाने माझ्यासाठी एवढंसंसुद्धा काही ठेवलं नसेल का?

शेवटी मी नवऱ्यालाच धरलं. आमच्या एसिनामचे बाबा केटाच्या किनाऱ्यावर जाळं ओढतात. दोर ओढून ओढून त्यांचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला होता. मी गरम तेल लावलं, हात ठेवला आणि घसा बसेपर्यंत प्रार्थना केली.

"काही वाटतंय का?"

"ऊब वाटतेय."

तेल गरम होतं, ऊब वाटणारच! पण रविवारी हा माणूस उठला, माईक हातात घेतला आणि म्हणाला, "एन्योनामने हात ठेवला आणि माझा गुडघा बरा झाला!" लगेच ढोल सुरू. साक्ष दिली की नाचायचं, हा आमचा नियम. हे नाचले हो! पांढरे कपडे, मानेवर पावडर, रुमाल गरागरा फिरवत वेदीपर्यंत जाऊन परत आले. घरी आले आणि जे आडवे पडले ते मक्याच्या पिठाचं अकप्ले आणि भेंडीचा रस्सा समोर ठेवला तरी उठेनात.

"एसिनामचे बाबा, गुडघा बरा झाला ना?"

"होईल गं. मी आभार आधी मानले."

"आणि मी तोंडघशी पडले म्हणजे?"

"तुझा चेहरा बघवत नव्हता मला," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

राग आला आणि रडूही आलं. बोलले मात्र कुणालाच नाही. कारण रस्त्यात बायका बाजूला होऊन मला वाट देत होत्या, एन्योनामताई म्हणत होत्या. बरं वाटत होतं.

बुधवारी सकाळी खाडीपलीकडून आमच्या मंडळीतली यायरा आली. पाठीवर तिची लेक सेना बांधलेली, मान टाकलेली.

"हात ठेव, ताई."

हात ठेवला तर चटकाच बसला. "अगं, दवाखान्यात का नाही नेलंस?"

"तिथली नर्स ओरडते. मागच्या खेपेला सगळ्यांदेखत म्हणाली, पोर मरायला टेकली की मगच आणता का? आणि तुझ्या हाताने गुडघा बरा झाला ना?"

दारात आमचे हे उभे होते. त्यांचं तोंड उतरलं. खरं सांगितलं तर माझं नाव जाणार होतं आणि नाही सांगितलं तर पोर.

"यायरा, ह्यांचा गुडघा बरा झालेला नाही. ऊठ."

"पण ते नाचले!"

"मूर्खासारखे नाचले! ऊठ म्हणते ना!"

मोटरसायकलवाल्याच्या मागे आम्ही दोघी चढलो, मधे पोर. पाण्याची बाटली राहिली म्हणून हे आमच्या मागे लंगडत पळत सुटले. अख्खी गल्ली बघत होती. कुणीतरी ओरडलं, "अरे, बरा झाला होता ना?"

"नाही झाला! बाजूला व्हा!" पळता पळताच ह्यांनी उत्तर दिलं.

दवाखान्यात नर्सने पोरीकडे बघितलं, यायराकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मी मधे घुसले. "बाई, तुला ओरडायचंय ना? माझ्यावर ओरड, मला सवय आहे. पण हात चालू ठेव. आधी सुई, मग शिव्या." ती फसकन हसली आणि सुई आणायला गेली. मलेरिया होता. दुसऱ्या दिवशी सेनाने डोळे उघडून पेज मागितली. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडून घेतलं.

रविवारी मी माईक घेतला. दिलेली साक्ष परत घ्यायची आमच्याकडे रीतच नाही, त्यामुळे ढोलवाला सवयीने वाजवायला लागला. "थांब रे मेल्या! गुडघा बरा नाही. माझ्याकडे ते दान नाही. कुणी आपली पोर माझ्याकडे आणू नका." पाळकसाहेब नुसतेच खोकले. मी घरी आले, दार लावलं. संपलं एकदाचं, असं वाटलं.

सोमवारी सकाळी दारात चार बायका.

"आता काय? सांगितलं ना, हात ठेवून काही होत नाही!"

"हात नको गं," एक म्हणाली. तिच्या छातीत गाठ होती, आणि ती लपवून तिने पावसाळा काढला होता. "आमच्याबरोबर चल. त्या नर्ससमोर एकटीने उभं राहवत नाही. तू असलीस म्हणजे भीती वाटत नाही."

मी आभाळाकडे बघितलं. देवा, एवढं रडून मागितलं आणि दिलंस काय, तर हे तोंड! त्यांच्यामागे आमचे हे उभे, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून.

"मलाही ने," ते म्हणाले.

दवाखान्यात बाकावर मंडळीतल्या चारही बायका बघत असताना नर्सने ह्यांचा गुडघा दाबला. "दुखतंय?"

"परमेश्वराच्या कृपेने..." त्यांनी सुरुवात केली. मी त्यांचा हात धरला.

"दुखतंय," ते म्हणाले. "वर्ष झालं, फार दुखतंय." आणि सगळ्यांसमोर रडायला लागले.