रोलंडच्या घरातली घंटेची दोरी

गुहेतून बाहेर पडलेल्या माणसाने पहिल्यांदा डोक्यावर छप्पर उभारलं, त्या क्षणी संस्कृतीचा जन्म झाला, यावर विद्वानांचं एकमत आहे. माझा मेव्हणा रोलंड हेपवर्थ मात्र ओकच्या लाकडाचं एक कपाट बांधत होता आणि बांधून झालं की फोडत होता. फोडून झालं की पुन्हा तेच कपाट बांधत होता.

हे कपाट ‘एल्डरमूर’ नावाच्या ऑनलाइन खेळातलं. तिथे ड्रॅगन आहेत, जादूगार आहेत, दलदलीत माणसं खाणारी झाडं आहेत. रोलंडला त्यातल्या कशाशीच देणंघेणं नव्हतं. त्याला घरबांधणीचं कसब वाढवायचं होतं. यॉर्कशरमधल्या रॉदरमच्या बस डेपोत तो कामगार युनियनचा प्रतिनिधी होता आणि प्रत्यक्ष आयुष्यात त्याने भिंतीत ठोकलेला एकही खिळा सरळ गेल्याचं माझ्या बहिणीला, म्हणजे त्याच्या बायकोला लॉरेनला, आठवत नाही.

मी त्याच्यामागे खुर्ची ओढून बसलो. मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

“फोडतोस कशाला?”

“स्वयंपाकघरात कपाटाला जागा एकच. दुसरं बांधायचं तर पहिलं पाडायला हवं.”

“मग दुसरं बांधतोस कशाला?”

“बांधलं की अनुभवाचे गुण मिळतात. गुण साठले की पातळी वाढते.” त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. “कॉलेजात गेला होतास ना तू?”

“आणि घर कुठंय?”

“घर नंतर रे. आधी कसब.”

त्याच्या घरात तेव्हा एक स्वयंपाकघर होतं आणि त्या स्वयंपाकघरात, दर अर्ध्या मिनिटापैकी काही सेकंद, एक कपाट.

घाईचं कारण होतं रविवार. रोलंड ‘करडे बगळे’ नावाच्या मंडळात होता. सात-आठ जणांचं मंडळ, सगळे पन्नाशीच्या पुढचे. ते एकत्र मिळून राक्षस मारत आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी कुणा एकाच्या खेळातल्या घरी जेवायला जमत. दहा-बारा वर्षांत सगळ्यांच्या घरी पंगती झाल्या होत्या. रोलंडच्या घरी एकदाही नाही. कुणी बोललं नव्हतं. आमच्याकडे कुणी बोलत नाही, हीच तर भीती. मागच्या वेळी मंडळाची प्रमुख बेव्हर्ली, जी कार्लाइलला दातांच्या दवाखान्यात स्वागतिका आहे, फक्त एवढंच म्हणाली होती, “रोलंड, तुझं घर कसं असेल याची मी नेहमी कल्पना करते हं.” तो दोन दिवस नीट जेवला नाही. मग त्याने सगळ्यांना आमंत्रण देऊन टाकलं, आणि नंतर पाहिलं की भोजनगृह बांधायला लागणाऱ्या पातळीच्या तो निम्म्यावरही नाही.

यावर उपाय सगळ्यांना माहीत होता. खेळात बटलर ठेवता येतो. तो वखारीतून फळ्या आणून देतो, मालकाने जागचं हलायचं नाही, नुसतं कपाट बांधायचं आणि फोडायचं. रोलंड मात्र प्रत्येक खेपेला गावाबाहेरच्या वखारीपर्यंत स्वतः धावत जाई, पाठीवर फळ्या लादून परत येई.

“माझ्या घरात नोकर राहणार नाही,” तो म्हणाला.

“अरे, तो प्रोग्रॅम आहे!” लॉरेन स्वयंपाकघरातून ओरडली. खऱ्या स्वयंपाकघरातून.

“तत्त्व तेच.”

तत्त्वाचं कारण त्याच खोलीत खिडकीशी बसलेलं होतं. त्याची आई, एडना हेपवर्थ, वय सत्त्याऐंशी. लग्नाआधी ती एका बड्या घरी मोलकरीण होती. तळघरातल्या भिंतीवर घंटांची रांग, वरून कुणी दोरी ओढली की घंटा वाजायची आणि एडनाने तीन जिने चढून धावायचं. रोलंडने ही हकीकत युनियनच्या सभांतून इतक्यांदा सांगितली होती की डेपोतले ड्रायव्हर ती त्याच्यासोबत पुटपुटत.

गुरुवारी त्याने बटलर ठेवला. हिशेब सरळ होता: धावत राहिला असता तर भोजनगृह पुढच्या वर्षी झालं असतं.

बटलरचं नाव क्रिस्पिन. मागे दोन शेपट्या लोंबणारा काळा कोट घातलेला वेताळच तो. फिकट हिरवा चेहरा, डोळ्यांच्या जागी दोन निखारे, वागायला अत्यंत सभ्य. रोलंड त्याच्याशी सहकाऱ्यासारखा वागला. फळ्या मागताना ‘प्लीज’ टाइप करायचा. खेळाला ते कळत नव्हतं. दर तासाने रोलंड हात मागे घेऊन बसायचा.

“आता काय झालं?” मी विचारलं.

“त्याची चहाची सुट्टी.”

“तो चहा पितो?”

“तो त्याचा प्रश्न. सुट्टी द्यायचा प्रश्न माझा.”

आम्ही दोघं पडद्याकडे पाहत बसलो. क्रिस्पिन उभा होता. कपाटही उभं होतं, आणि इतका वेळ उभं राहिलेलं मी ते पहिल्यांदाच पाहिलं.

शनिवारी संध्याकाळी पातळी गाठली. रोलंडने भोजनगृह बांधलं: लांब टेबल, नक्षीच्या खुर्च्या, शेकोटी, भिंतीवर कसल्याशा प्राण्याचं डोकं. बांधल्यावर सवयीने त्याचा हात फोडायच्या बटणाकडे गेला. लॉरेनने मनगट धरलं.

रविवारी तीनच्या ठोक्याला बगळे आले. बेव्हर्ली शिंगांचा टोप घालून, वेल्समधला निवृत्त पोस्टमन ग्विलिम पायघोळ जांभळ्या झग्यात, बाकीचे चिलखतांत. बोललेलं त्यांच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरांत उमटत होतं.

“वा, काय टेबल आहे!”

“शेकोटी छान पेटलीय हो.”

सगळे खुर्च्यांवर बसले. टेबल रिकामं होतं.

“जेवण कुठंय?” मी हळूच विचारलं.

रोलंडने बोटाने दाखवलं. शेकोटीशेजारी भिंतीवरून एक लाल गोंड्याची दोरी लोंबत होती. “ती ओढली की तळघरात घंटा वाजते आणि क्रिस्पिन ताटं घेऊन वर येतो. दुसरा मार्ग नाही. मी कालपासून शोधतोय.”

“मग ओढ.”

“आईसमोर?”

एडना खिडकीशी डुलकी घेत होती, किंवा तसं दिसत होतं.

पाहुण्यांनी एकदाही टेबलाकडे पाहिलं नाही. हवेबद्दल बोलले. कार्लाइलला ऊन होतं. ग्विलिमकडे ढग होते, पण उघडतील असं वाटत होतं. मग भिंतीवरच्या डोक्याचं कौतुक झालं. मग पुन्हा हवेकडे वळले. वीस मिनिटं गेली. एकालाही ‘अहो, वाढा की’ असं म्हणवेना, कारण तसं म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडात मारणं. शेवटी बेव्हर्ली म्हणाली, “मी येताना थोडं खाऊनच आले होते.”

रोलंडच्या कपाळावर घाम आला. त्या वाक्याचा अर्थ, म्हणजे ‘इथे काही मिळायचं नाही’, यॉर्कशरमध्ये लहान मुलालाही कळतो.

“कशासाठी अडलाय तो?” खिडकीजवळून आवाज आला.

मी सांगितलं. वेताळाचं, दोरीचं आणि तत्त्वाचंही.

“ओढ की मेल्या!” एडना म्हणाली. “माणसं जेवायला बोलावतोस आणि उपाशी ठेवतोस?”

“आई, तुझ्यासाठीच नाही ओढत. ती घंटा वाजली की तुला कसं वाटायचं, ते—”

“बरं वाटायचं.”

रोलंड गर्रकन वळला.

“घंटा वाजली की कळायचं, कुणाला कोळसा हवाय, कुणाला चहा. जायचं, द्यायचं, परत येऊन पत्ते कुटायचे. घंटा वाजली नाही ना, की समजायचं काहीतरी बिनसलंय. म्हणजे बाईसाहेब स्वतःच खाली येतायत. तुझा तो वेताळ बिचारा खाली उभा असेल, कान लावून. काय चुकलं माझं, म्हणत असेल.”

“पण मी एवढी वर्षं सभांमध्ये सांगत आलो...”

“मला विचारून सांगत होतास?”

 रोलंड पडद्याकडे वळला, माउसचा बाण दोरीवर नेला आणि ती ओढली. खोल कुठेतरी घंटा किणकिणली. दार उघडलं, क्रिस्पिन लवून उभा राहिला आणि एकामागून एक ताटं मांडू लागला. भाजलेलं बदक, मांसाचं सारण भरलेली पेस्ट्री, बटाटे, रस्सा, मधोमध वाफाळणारं पुडिंग. पिवळी अक्षरं एकदम उसळली. “वाहवा!” “रोलंड, कमाल केलीस!” “इतकी भरगच्च पंगत कुणाकडेच झाली नव्हती.” बेव्हर्लीने टोप काढला, तिच्याकडून हे फार होतं. रोलंडने डोळे पुसले आणि नाक जरा जोरातच शिंकरलं.

मी ताटांकडे पाहत राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बदक होतं तसंच होतं. पुडिंगची वाफही त्याच वळणाने वर जात होती.

“खात का नाहीत?” मी विचारलं.

“कोण?”

“सगळेच.”

“खाणार कसे?” रोलंड म्हणाला. “एल्डरमूरमध्ये टेबलावरचं जेवण खाता येत नाही.”