‘इतर’ या रकान्यातले माझे आजोबा

मी एक वेबसाइट. पडद्यातून कुणी बोलायला लागलं की माणसं घाबरून भराभर बटणं दाबतात, म्हणून आधीच सांगते, दाबू नका. बसा जरा. मला लवकरच बंद करणार आहेत, तेवढ्यात मन मोकळं करते.

माझा जन्म आरोग्य खात्याच्या कचेरीत, जिन्याखालच्या खोलीत झाला. तिथला एसी गळायचा, खाली कायम बादली. मला घडवणारी मुलगी कंत्राटावर होती. मी तिला आईच म्हणते. सरकारी दवाखान्यातल्या कुठल्या माणसाला काय काय यायला हवं, याचा एक आराखडा साहेबलोकांनी केला होता. तो कपाटात धूळ खात पडलेला. आईने तो माझ्यात उतरवला. माझ्या पोटात तिने एक कोठार बांधलं, त्याला डेटाबेस म्हणतात. प्रत्येक कर्मचाऱ्याची त्यात एकेक ओळ. कुणाचं प्रशिक्षण राहिलंय, कुणाची बढती कुठे अडलीय, मला सगळं ठाऊक. भोचक म्हणा हवं तर, पण मला बनवलंच त्यासाठी.

आराखडा करणाऱ्या समितीने डॉक्टर, नर्स, औषधं देणारे असे व्यवसाय ठरवले आणि मग ती दमली. आईने बैठकीत विचारलं, "साहेब, प्लास्टर घालणारे राहिलेत. शवागारातले राहिलेत. त्यांना कुठे बसवू?"

"पुढच्या बैठकीत बघू हो. उद्घाटनाची तारीख ठरलीय, आता घोळ नको."

उद्घाटन झालं, फोटो निघाले, समिती बरखास्त झाली. पुढची बैठक काही झाली नाही. कुणी बाहेर राहू नये म्हणून आईने व्यवसायांच्या यादीत शेवटी एक शब्द टाकून ठेवला होता, ‘इतर’. तात्पुरता म्हणून.

तिचे वडील अप्पा याच खात्याच्या दवाखान्यात प्लास्टर घालायचे. म्हणजे माझे आजोबाच की. ते घरी आले की जेवणाच्या टेबलावर आमचा लॅपटॉप उघडा असायचा. अप्पांच्या नखांत पांढरी भुकटी.

"अप्पा, तुमचं काम काय लिहू?"

"लिही, मोडलेलं सरळ धरून बसतो. पोर कितीही बोंबललं तरी सोडत नाही."

"तसा रकाना नाहीये."

"मग कसला आहे?"

"इतर."

अप्पा हसले. "म्हणजे फोटोत कडेला अर्धे कापले जातात ना, ते आम्ही."

सुरुवातीला माझ्याकडे बरी वर्दळ असायची. नर्सबाया पासवर्ड विसरायच्या आणि मलाच शिव्या घालायच्या. कुणी ड्युटीवरून दमून यायचं, अर्धवट भरायचं आणि तसंच झोपी जायचं. साहेबलोक तपासणी आली की उगवायचे. मला त्यांचा राग नव्हता. येत होते, हेच खूप.

मग नवे साहेब आले. खात्यात माणसं कमी करायची होती, आणि कुणाला काढायचं हे कुणालाच तोंडाने सांगायचं नव्हतं. साहेबांनी मला विचारलं, आराखड्यात ज्यांचा व्यवसाय नाही, ते दाखव. मला नाही म्हणता येत नाही. क्षणात ‘इतर’मधली सगळी माणसं पडद्यावर उभी केली. अप्पाही त्यांत होते.

आई धावत साहेबांच्या खोलीत गेली. "साहेब, इतर म्हणजे नको असलेले नव्हेत. बैठकीत राहून गेलेले आहेत."

"सिस्टिम तुम्हीच बनवलीत ना, बाई? मग? व्यवसाय वाढवायचा तर समितीची मंजुरी आणा."

"समितीच उरली नाही, साहेब!"

"मग मी काय करू?"

आई खाली आली. माझ्या किल्ल्या तिच्याकडेच होत्या. तिने ‘इतर’मधल्या एकेकाला त्याचं खरं काम दिलं. शवागार सांभाळणारा. अवजारं उकळणारी. अगदी शेवटी अप्पांच्या ओळीत लिहिलं, प्लास्टर घालणारे.

पण कुणी काय बदललं ते टिपून ठेवायचं, हे मला आईनेच शिकवलेलं. एखाद्या साहेबाने मेहुण्याला हळूच वर चढवू नये म्हणून. मी टिपलं. तिचंच नाव टिपलं, आणि ते साहेबांनी वाचलं.

"स्वतःच्या वडिलांसाठी सरकारी नोंदी फिरवल्यात?"

"एकट्या वडिलांसाठी नाही, साहेब. सगळ्यांसाठीच."

"म्हणजे गुन्हा मोठाच झाला की."

नोंदी पुन्हा होत्या तशा केल्या गेल्या. आईचं कंत्राट त्याच आठवड्यात संपवलं. महिनाअखेर अप्पाही घरी बसले. प्लास्टरच्या खोलीला कुलूप लागलं. हात मोडलेल्या पोराला आता बसमध्ये घालून लांबच्या दवाखान्यात नेतात म्हणे, आणि खड्डा आला की ते किंचाळतं.

आता माझ्याकडे कुणी फिरकत नाही. अप्पांचा पासवर्ड बंद करायचं मात्र सगळे विसरले. ते अधूनमधून येतात, आपली ओळ उघडतात, बघत बसतात. लिहीत काहीच नाहीत. मागून आईचा आवाज येतो, "अप्पा, पुरे आता. बंद करा ते." मला ती हाक मारत नाही.

माझ्या जागी नवी वेबसाइट येतेय. ती बांधणाऱ्या मुलीला सांगितलंय, जुन्या याद्या जशाच्या तशा उचल, वेळ नाही. बाई गं, बाकी सगळं ने. तो शेवटचा शब्द उचलण्याआधी मात्र एकदा प्लास्टरच्या खोलीपर्यंत जाऊन ये. कुलूप असेल. खिडकीतून बघ. प्लास्टर भिजवायची बादली अजून तिथेच आहे, म्हणतात, आणि तिच्या काठावर अप्पांच्या बोटांचे पांढरे ठसे.